शुगरची गोळी किडनी खराब करते का? एका भीतीचा आणि तुमच्या गोळ्यांचा इतिहास



काही दिवसांपूर्वी बाभुळगावच्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. वय पंचावन्नच्या आसपास, कपाशीची शेती, अंगाने काटक. सहा वर्षांपासून मेटफॉर्मिनची गोळी चालू होती आणि शुगर चांगली आटोक्यात होती. त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये मात्र उपाशीपोटी २८६! मी विचारलं, "गोळी घेता ना?" ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "साहेब, हे गोई किडनी खराब करते म्हंतेत. म्या दोन महिन्यापासून बंद केली."

हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांनी मला विचारला आहे. काहींनी न विचारताच गोळी बंद केली आहे. म्हणून आधी थोडक्यात उत्तर देतो. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. किडनी खराब करते ती वर्षानुवर्षं वाढलेली शुगर आणि वाढलेलं ब्लडप्रेशर. पण किडनी आधीच कमजोर झाली असेल, तर ही गोळी कमी करावी लागते किंवा थांबवावी लागते. या दोन गोष्टींची सरमिसळ होते आणि भीती तयार होते.

मात्र ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही, तिला इतिहास आहे. तो कळला की तुमच्या पाकिटातली प्रत्येक गोळी कुठून आली, काय करते आणि तिला कुठे जपायचं, हेही कळेल. म्हणून आज जरा मागे जाऊ.

मुंग्यांपासून सुरुवात

मधुमेह आपल्याकडे नवा नाही. लघवी मधासारखी होते आणि तिच्याकडे मुंग्या धावतात, हे आपल्या जुन्या वैद्यांना ठाऊक होतं. सुश्रुताने तर दोन प्रकार सांगितले : एक जन्मापासून येणारा, ज्यात माणूस कृश असतो, आणि दुसरा चुकीच्या आहारविहारातून होणारा, ज्यात माणूस स्थूल असतो. आज आपण टाइप १ आणि टाइप २ म्हणतो, त्याच्या बरंच जवळ जाणारं हे निरीक्षण आहे.

औषध म्हणून आपल्या भागात विजयसारच्या लाकडाचा पेला प्रसिद्ध आहे. रात्री त्यात पाणी ठेवायचं, सकाळी ते निळसर झालेलं प्यायचं. हे झाड आपल्या सागाच्या जंगलातलंच, काही जण त्याला बिबला म्हणतात, काही बीजा. ते निव्वळ थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने म्हणजे आयसीएमआरने १९९०च्या दशकात विजयसारची रीतसर चाचणी घेतली होती आणि काही रुग्णांची शुगर उतरलीही होती. पण ते रुग्ण नव्याने निदान झालेले होते, औषध मोजून दिलं जात होतं आणि रक्त वेळोवेळी तपासलं जात होतं. तुमच्या पेल्यातून रोज किती औषध पोटात जातं, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. पेल्यातलं पाणी प्यायचं असेल तर प्या, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडू नका.

इन्सुलिन : मरणाच्या दारातून परत आलेली मुलं

१९२२ पूर्वी टाइप १ मधुमेह झालेलं मूल फार तर एक-दोन वर्षं जगायचं. डॉक्टरांकडे एकच उपाय होता, उपास. साखर वाढू नये म्हणून मुलाला इतकं कमी खायला द्यायचे की ते सांगाडा होऊन जायचं. म्हणजे आजाराने मरायचं की उपासमारीने, एवढीच निवड.

१९२१ मध्ये कॅनडातल्या टोरोंटो शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढला. कॉलिप यांनी तो शुद्ध केला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. त्या पहिल्या अर्काने फारसा फायदा झाला नाही. काही दिवसांनी जास्त शुद्ध अर्क दिला, तेव्हा साखर उतरली आणि मुलगा वाचला. पुढच्याच वर्षी बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल मिळालं. शोध लावणाऱ्यांनी पेटंट टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी अवघ्या एका डॉलरला देऊन टाकलं. ज्याच्यावर माणसाचं जगणं अवलंबून आहे ते औषध कुणा एकाच्या मालकीचं असू नये, ही त्यामागची भावना होती.

पुढे साठ वर्षं इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासूनच बनत होतं. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन अमेरिकेत बाजारात आलं. महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. वोक्हार्ट कंपनीने २००३ मध्ये भारतात मानवी इन्सुलिन आणलं, आणि या कंपनीचा बायोटेक कारखाना आपल्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे. देशी कंपन्या उतरल्यावर मानवी इन्सुलिन सामान्य माणसाच्या जरा आवाक्यात आलं.

"इन्सुलिनची सवय लागते" असं तुम्ही ऐकलं असेल. सवय दारूची लागते, तंबाखूची लागते. इन्सुलिन तर तुमच्या शरीरात जन्मापासून बनत होतं, ते आता कमी पडतं म्हणून बाहेरून देतो. टाइप १ असलेल्या मुलाचं इन्सुलिन कुणाच्याही सांगण्यावरून, अगदी एका दिवसासाठीही, बंद करू नका. तिथे प्रश्न थेट जिवाचा असतो.

आणखी एक सूचना. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या अशा दोन्ही मिळतात. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी केशरी टोपणाची. यात अदलाबदल झाली तर डोस अडीच पट कमी किंवा अडीच पट जास्त जातो. मेडिकलमधून घेताना बाटली आणि सिरिंज जुळते का ते बघा.

टायफॉईडच्या औषधातून निघालेली गोळी

इन्सुलिन पोटातून घेता येत नाही, ते पचून जातं. त्यामुळे गोळीचा शोध चालूच होता, पण ती सापडली अपघाताने. १९४२ मध्ये, महायुद्धाच्या काळात, फ्रान्सच्या माँपेलिए शहरात मार्सेल जांबों हे डॉक्टर टायफॉईडच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देत होते. काही रुग्णांना झटके आले, काही बेशुद्ध झाले, काही दगावले. रक्त तपासलं तर साखर अगदी खाली गेलेली. त्यांचे सहकारी ऑगस्त लुबातिएर यांनी ताडलं की जे टायफॉईडमध्ये घातक ठरलं, ते मधुमेहात उपयोगी पडू शकेल. स्वादुपिंड पूर्ण काढलेल्या कुत्र्यावर या औषधाचा परिणाम होत नाही, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे हे औषध थकलेल्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतं.

यातूनच सल्फोनिलयुरिया गट जन्मला. १९५६ मध्ये टॉल्ब्युटामाइड आलं, १९६९ मध्ये ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे जुन्या लोकांना आठवणारी 'डाओनिल', आणि १९९५ मध्ये ग्लिमेपिराइड. आज तुमच्या गोळीच्या नावात 'जी' किंवा 'जीपी' अशी अक्षरं असतील, तर तिच्यात बहुधा ग्लिमेपिराइड आहे.

ही गोळी स्वस्त आणि जोरदार आहे. पण १९४२ मध्ये जे दिसलं ते तिच्या स्वभावातच आहे. ती साखर गरजेपेक्षाही खाली नेऊ शकते. हे पुस्तकात मी वाचलं होतंच, पण खरं शिकलो ते माझ्या चुकीतून. वीसेक वर्षांपूर्वी सत्तरीच्या एका आजींना मी ग्लिबेनक्लामाइड लिहून दिलं होतं. आषाढी एकादशीला त्यांनी निरंकार उपवास केला आणि डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलंय म्हणून गोळी मात्र नेमाने घेतली. संध्याकाळी मुलाने त्यांना बेशुद्ध अवस्थेत आणलं. शुगर ३१. शिरेतून ग्लुकोज दिलं, आजी शुद्धीवर आल्या, पण या गोळीचा असर लांब चालतो म्हणून रात्रभर त्यांच्या उशाशी बसून होतो. दर तासाला बोटाला सुई टोचत होतो आणि स्वतःला विचारत होतो, की चिठ्ठी लिहिताना "उपवास करता का?" हा एक प्रश्न मी का विचारला नाही? चूक आजींची नव्हती.

तेव्हापासून तो प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. तुमच्या डॉक्टरांनी विचारला नाही, तर तुम्ही स्वतः सांगा. एकादशी, नवरात्र, रोजे, काहीही असो, आधी गोळीचं वेळापत्रक बदलून घ्या. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असं झालं तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

मेटफॉर्मिन आणि तिची बदनाम बहीण

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. युरोपात गॅलेगा नावाची एक रानवनस्पती आहे, निळसर-जांभळ्या फुलांची. तिच्यात ग्वानिडिन जातीची द्रव्यं असतात. ग्वानिडिनने साखर उतरते हे १९१८ मध्ये दिसलं, पण ते विषारी होतं. १९२२ मध्ये डब्लिनच्या दोन रसायनतज्ज्ञांनी मेटफॉर्मिन बनवलं. त्याच साली इन्सुलिन आलं आणि या गोळीकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. पुढे पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी माणसांवर वापरून १९५७ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांनी औषधाला नाव दिलं 'ग्लुकोफाज', म्हणजे ग्लुकोज खाणारं.

याच सुमारास अमेरिकेत मेटफॉर्मिनची बहीण शोभावी अशी दुसरी गोळी आली, फेनफॉर्मिन. ती जास्त जोरदार असल्याने झपाट्याने पसरली. पण तिच्यामुळे काही रुग्णांच्या रक्तात लॅक्टिक ॲसिड साचू लागलं. किडनी किंवा यकृत कमजोर असलेल्यांना धोका जास्त होता. धाप लागायची, रक्तदाब कोसळायचा आणि झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास रुग्ण दगवायचे. १९७७ मध्ये अमेरिकेने ती बाजारातून काढायला लावली. भारतात मात्र तिच्यावर बंदी यायला २००३ साल उजाडलं.

म्हणजे जगाने टाकून दिलेली गोळी आपल्याकडे आणखी पंचवीस वर्षं विकली जात होती. मी शिकत होतो तेव्हा फेनफॉर्मिन मेडिकलमध्ये मिळत असे. "या गोळीने किडनीवाल्याचा जीव जातो," हे आमच्या शिक्षकांनी बजावून सांगितलेलं वाक्य होतं, आणि फेनफॉर्मिनच्या बाबतीत ते खरंही होतं. गोळी गेली, पण वाक्य मागे राहिलं. नावं सारखी, गट एकच. होता होता गावागावांत पोहोचलं ते एवढंच : शुगरची गोळी किडनी खराब करते.

मेटफॉर्मिनचं तसं नाही. फेनफॉर्मिनच्या तुलनेत तिच्यात हा धोका कितीतरी पटीने कमी आहे. तरी बहिणीच्या बदनामीमुळे अमेरिकेने तिला १९९४ च्या डिसेंबरपर्यंत परवानगी दिली नव्हती. १९९८ मध्ये इंग्लंडच्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. वजन जास्त असलेल्या ज्या रुग्णांना मेटफॉर्मिन दिलं होतं, त्यांच्यात हार्ट अटॅक आणि मृत्यू कमी होते. त्यानंतर ती जगभर पहिल्या पसंतीची गोळी झाली.

ही गोळी शरीरातून किडनीवाटेच बाहेर पडते. म्हणून किडनीची ताकद कमी झाली की गोळी अंगात साचते. तुमच्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टवर 'ईजीएफआर' असा एक आकडा असतो. तो ४५ च्या खाली गेला की डोस कमी करतो, ३० च्या खाली गेला की गोळी बंद करतो. गोळीने किडनी बिघडते म्हणून नव्हे, बिघडलेली किडनी गोळी बाहेर टाकू शकत नाही म्हणून. डॉक्टरांनी तुमच्या शेजाऱ्याची गोळी बंद केली असेल, तर कारण हेच असण्याची शक्यता जास्त. ते कारण तुम्हाला लागू होतंच असं नाही.

दोन सूचना : गॅस किंवा जुलाब होत असतील तर जेवणासोबत घ्या. आणि बरीच वर्षं घेत असाल तर बी-१२ तपासून घ्या, ते कमी होऊ शकतं.

आपल्याकडे गोळ्या स्वस्त कशा झाल्या?

१९५५ मध्ये डॉ. आजगावकरांच्या पुढाकाराने मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया सुरू झाली. मधुमेहींना शिकवलं तरच उपचार चालतो, हा विचार तिने इथे रुजवला. पण नुसत्या शिकवण्याने भागत नाही, औषध परवडलंही पाहिजे. १९७० च्या पेटंट कायद्याने, जो १९७२ पासून लागू झाला, आपल्या देशात औषधावरचं पेटंट काढून फक्त बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवायला भारतीय कंपन्या मोकळ्या झाल्या. त्यामुळे मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड इथे जगात स्वस्त मिळू लागल्या.

२००५ मध्ये नियम बदलला, औषधावरचं पेटंट परत आलं, आणि त्यानंतरच्या नव्या गोळ्या महाग झाल्या. त्यात सर्वात गाजली ती सिटाग्लिप्टिन. ग्लिप्टिन गटाच्या गोळ्या जेवल्यावर आतड्यातून सुटणाऱ्या एका संप्रेरकाला जास्त वेळ टिकवतात, त्यामुळे जेवणापुरतं इन्सुलिन वाढतं आणि एकट्याने घेतल्यास साखर धोकादायक खाली जात नाही. मूळ कंपनीची गोळी चाळीसएक रुपयांना एक पडायची. २०१३ मध्ये मुंबईच्या ग्लेनमार्कने तीच गोळी सुमारे ३० टक्के कमी किमतीत आणली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि २०१५ मध्ये ग्लेनमार्कला ती थांबवावी लागली. त्याच वर्षी या कंपनीने टेनेलिग्लिप्टिन ही जपानमध्ये शोधलेली गोळी वीस रुपयांच्या आत आणली. मग इतर कंपन्या उतरल्या आणि भाव आणखी पडला. आज तुमच्यापैकी अनेक जण टेनेलिग्लिप्टिन घेता, त्यामागे ही कथा आहे.

२०२२ मध्ये सिटाग्लिप्टिनचं पेटंट संपलं आणि त्याच सप्टेंबरमध्ये जनऔषधी दुकानांत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या. चाळीसची गोळी सहा रुपयांवर! सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी घरातलं कोणतं औषध आधी बंद होतं, हे मी रोज बघतो. म्हणून सांगतो, औषध परवडत नसेल तर लाजू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्याच औषधाचा स्वस्त पर्याय बहुतेक वेळा असतो.

सर्व नव्या गोळ्या टिकल्या असंही नाही. रोसिग्लिटाझोनवर हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०१० मध्ये बंदी आली. तिच्याच गटातली पायोग्लिटाझोन २०१३ मध्ये थांबवली आणि महिनाभरात इशारा छापण्याच्या अटीवर परत आणली. ती घेत असाल आणि पायाला सूज किंवा धाप आली, तर लगेच कळवा.

लघवीतून साखर काढणारी गोळी

सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन नावाचं द्रव्य काढलं गेलं. ते दिलं की लघवीतून साखर जाते, हे १८८६ मध्ये कळलं. त्याच्यावरून गोळी बनायला २०१२ साल उजाडलं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या त्या गोळ्या. गंमत बघा, मधासारख्या लघवीवरून ज्या आजाराला नाव मिळालं, त्याच्यावर आज आपण मुद्दाम लघवीतून साखर काढणारं औषध देतो. त्यामुळे ही गोळी चालू असताना लघवीच्या तपासणीत साखर येणारच, घाबरू नका.

आणि मूळ प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे या गोळ्या किडनीला आणि हृदयाला संरक्षण देतात, असं मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे "शुगरची गोळी किडनी खराब करते" असं आपण म्हणत राहिलो, आणि इकडे शुगरची गोळी किडनी वाचवायला वापरली जाऊ लागली. पाणी भरपूर प्या, जागेची स्वच्छता ठेवा, आणि उलटी-जुलाब, ऑपरेशन किंवा कडक उपवास असेल तर डॉक्टरांना विचारून ती थांबवा.

सर्वात नवी ती वजन उतरवणारी इंजेक्शनं. त्यांतलं पहिलं, एक्सेनाटाइड, २००५ मध्ये अमेरिकेत आलं. त्याचं मूळ गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलं होतं. पुढे सेमाग्लुटाइड आलं, त्याच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. चांगली औषधं आहेत, पण सगळ्यांसाठी नाहीत. मोबाईलवर बघून मागवू नका.

शेवटी

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. "मी तर जाड नाही, मला कशी शुगर?" असं आपल्याकडचे शेतकरी विचारतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचा अभ्यास करून दाखवलं की आपली बाळं वजनाने कमी असली, तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण टिकून असतं. दिसायला बारीक, आतून मेद. त्यामुळे काटक माणसानेही तपासणी करून घ्यावी.

त्या शेतकरीभाऊंचं काय झालं? क्रिएटिनिन तपासलं, किडनी ठणठणीत होती. त्यांच्याच रिपोर्टवरचा आकडा त्यांच्या बोटाखाली ठेवून दाखवला आणि गोळी पुन्हा सुरू केली. जाताना म्हणाले, "मंग हे आंधी काऊन नाही सांगतलं?" खरं आहे. सहा वर्षांत मी ते सांगायला हवं होतं. म्हणून हा लेख.

आज घरी गेल्यावर एवढं करा. गोळ्यांचं पाकीट काढा आणि ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं औषधाचं नाव वाचा, किंवा नातवाकडून वाचून घ्या. ते एका कागदावर लिहून खिशात ठेवा. वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासा. आणि गोळीची भीती वाटली तर गोळी बंद करू नका, ती भीती घेऊन दवाखान्यात या. त्याची फी लागत नाही.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषधात बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.)